सही मागण्यापूर्वी

गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या ज्या आप्तांकडे जाणे झाले, त्या बहुतेक घरी कुशलप्रश्नांनंतरचा पहिला विषय ठरलेला असे : ‘तुमच्या सोसायटीचे कुठवर आले?’ पूर्वी अशी चौकशी मुलाच्या धंद्याची किंवा मुलीच्या स्थळाची होत असे. आता ती इमारतीची होते. त्यात नवल काही नाही. पन्नास वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यात, नाशिक-सांगलीकडे ज्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, त्यांची वये आता झाली आहेत. स्लॅबमधील लोखंड गंजले, गच्च्या गळू लागल्या आणि ज्या जोडप्यांनी तरुणपणी तिसऱ्या मजल्यावर हौसेने संसार थाटला, त्यांना आज तो जिना दिवसातून एकदा चढणेही जड जाते. तेव्हा पुनर्विकास हवा की नको, हा आजच्या लेखाचा विषय नाही. ज्यांचे घर पाडावयाचे आहे, त्यांना त्या कामात कधी आणि कसे सामील करून घ्यावयाचे, एवढ्याच प्रश्नावर आज वाचकांशी बोलावयाचे आहे.

प्रथम एक कबुली देतो. पुण्यातील आमच्या वसाहतीत तीन इमारती आहेत : छत्तीस सदनिका आणि रस्त्याच्या बाजूला आठ दुकाने. पुनर्विकासाचा विचार सुरू झाला तेव्हा मी व्यवस्थापक समितीत होतो. आम्ही समितीच्या मंडळींनी चार विकासकांची कार्यालये पाहिली, गुळगुळीत कागदावरील रंगीत चित्रे पाहिली, आणि एका रविवारी सकाळी छापील संमतीपत्रे घेऊन दारोदार फिरलो. आमच्या मते काम सरळ होते. घर मोठे मिळणार, लिफ्ट मिळणार, वर काही रक्कम मिळणार. मग सही करण्यास हरकत कसली?

हरकत दोघांनी घेतली. दुसऱ्या मजल्यावरील काकींनी संमतीपत्राऐवजी नकाशा मागितला, तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, ‘जिन्याला उजेड कुठून येणार?’ आम्ही हसलो. ‘काकी, लिफ्ट असताना जिना चढायचा कुणाला आहे?’ असे मीच म्हणालो. दुसरे खाली किराणा-भुसारचे दुकान चालवणारे भाऊ. ते म्हणाले, ‘माझा टेम्पो कुठे लागेल ते दाखवा, मग सही करतो.’ नकाशात ते दाखवता येईना. पुढील चार महिने सही आली नाही, आणि आमच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख ‘अडवणूक करणारे’ असा होऊ लागला. त्या उल्लेखात मीही सामील होतो, हे येथे लिहून ठेवतो.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ७९-अ अन्वये शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी गृहरचना संस्थांच्या पुनर्विकासासाठी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ रोजी ते सुधारून पुन्हा दिले. सुधारित निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी एक पंचमांश सभासद लेखी मागणी करून या विषयाची सभा बोलवावयास लावू शकतात. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते आणि निर्णयासाठी एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची मान्यता लागते. पूर्वी हेच बहुमत तीन चतुर्थांश होते. वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार समितीने परस्पर न नेमता सभेने निवडावा, त्याने व्यवहार्यता अहवाल करावा, तो सभासदांना पाहावयास मिळावा, सभासदांनी लेखी सूचना द्याव्यात, निविदा सर्वांसमक्ष उघडाव्यात आणि विकासकाच्या निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी उपस्थित असून तिचे चित्रीकरण व्हावे, असा हा क्रम आहे. समितीचा सदस्य वा त्याचा नातेवाईक त्या कामाचा विकासक असता कामा नये, हेही त्यात आहे. काही निकालांत उच्च न्यायालयाने हे निर्देश तंतोतंत बंधनकारक न मानता मार्गदर्शक मानले आहेत, ही गोष्ट खरी. तथापि, जो क्रम पाळला असता भांडण न्यायालयापर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही, तो बंधनकारक आहे की नाही याची चिकित्सा कशाला करीत बसावे?

हा क्रम नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येईल. त्यात सही अगदी शेवटी येते. आपल्याकडे मात्र बहुधा सहीपासून आरंभ होतो. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागू नये. माल पाहिल्याशिवाय, भाव ठरल्याशिवाय आणि मुदत बोलून झाल्याशिवाय आपल्यापैकी कोणी सौदा लिहीत नाही. आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा मात्र आपण चित्रे पाहून लिहून मोकळे होतो.

आणखी एक उणीव आहे, तिला कायदा पुरा पडत नाही. कायदा सभासद मोजतो. घरात राहतात ती माणसे निराळी असतात. सभासदत्व बहुधा घरातील ज्येष्ठ पुरुषाच्या नावे, त्यामुळे सभेला तो जाणार. दिवसाचे चौदा तास त्या घरात ज्या वावरतात त्या सुना, अभ्यासाला कोपरा शोधणारी मुले आणि आठ दुकानांपैकी दोन भाड्याने चालवणारे छोटे व्यापारी यांचे मत कोणत्याही इतिवृत्तात येत नाही. लंडन शहरात या बाबतीत २०१८ सालच्या जुलैपासून एक नियम लागू आहे. महापौरांच्या निधीतून सामाजिक घरांची जुनी वसाहत पाडून नवी उभारावयाची असेल तर आधी रहिवाशांचे मतदान घ्यावे लागते, आणि त्या मतदानात सोळा वर्षे पूर्ण झालेल्या भाडेकरूंनाही मत असते. तेथील घरे बहुतांशी भाड्याची आणि आपली मालकीची, हा भेद मोठा आहे. तरी घर कोणाच्या नावावर आहे याबरोबरच घरात कोण राहते हेही विचारावे, एवढे तरी त्या नियमातून घेण्यासारखे आहे.

इंग्लंडमधीलच आणखी एक जुने उदाहरण मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही आहे. उत्तरेकडील न्यूकॅसल शहरात बायकर नावाची कामगारांची दाट वस्ती होती. ती पाडून नवी उभारण्याचे ठरले तेव्हा नगरपालिकेने १९६८ साली राल्फ अर्स्किन या वास्तुविशारदाची निवड केली. हे गृहस्थ जन्माने इंग्रज, राहत स्वीडनमध्ये. त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले कार्यालय नगरपालिकेच्या इमारतीत थाटले नाही. बायकरमध्येच अंत्यविधीचे सामान पुरवणारे एक जुने दुकान होते, त्यात ते जाऊन बसले. दार उघडे असे. रस्त्याने जाणारा-येणारा आत डोकावे, तक्रार सांगे, नकाशावर बोट ठेवून विचारे. आरंभी सेहेचाळीस घरांचा एक लहान गट घेऊन, त्यांत राहावयास येणाऱ्या कुटुंबांना आधीच बोलावून, त्यांच्याशी बोलत बोलत घरांचा नमुना ठरवला गेला. वस्तीतील जुनी प्रार्थनास्थळे, स्नानगृह आणि बैठकीच्या जागा राखल्या गेल्या. शेजारी शेजाऱ्यांजवळच राहावेत यासाठी थोडे पाडावे, थोडे बांधावे असा बेत होता. त्या वसाहतीला पुढे वारसा-वास्तू म्हणून संरक्षण मिळाले आणि जगभरचे विद्यार्थी ती पाहावयास जाऊ लागले.

परंतु जमाखर्च मांडताना दुसरी बाजूही लिहावी लागते. पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक राहिला. घरे तयार होण्याची वाट पाहण्यात वर्षे गेली, आणि शेवटी मूळ रहिवाशांपैकी एक पंचमांशाहूनही कमी लोक नव्या बायकरमध्ये राहावयास आले. बाकीचे शहरात इतरत्र पांगले. ज्यांचे मत मनापासून विचारले, त्यांतील बहुतेकांना त्या मताचे फळ मिळाले नाही. म्हणून रहिवाशांचा सहभाग म्हणजे केवळ ‘स्वयंपाकघर कसे हवे’ असे विचारणे नव्हे. घर कधी सोडावयाचे, मध्यंतरी कोठे राहावयाचे, कोणत्या तारखेला परत यावयाचे आणि ती तारीख चुकली तर काय, हे प्रश्नही रहिवाशांच्याच हातात हवेत.

ते हातात नसले तर काय होते, हे आपल्याला इंग्लंडात शोधावे लागत नाही. मुंबईत गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, पत्राचाळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत ६७२ कुटुंबे होती. २००८ साली रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. माणसे घरे सोडून भाड्याच्या घरांत गेली. पुढे त्यांची घरे उभी राहण्यापूर्वीच बांधकामाचे हक्क इतरांना विकल्याचे आरोप झाले, भाडे थकले, प्रकरण तपासयंत्रणांकडे गेले आणि २०१८ साली म्हाडाला तो प्रकल्प स्वतःकडे घ्यावा लागला. दहा वर्षांत मुले मोठी होतात, वृद्ध निघून जातात. त्या कुटुंबांनीही संमती दिलीच होती. संमतीनंतर लक्ष ठेवण्याचे साधन मात्र त्यांच्या हाती उरले नव्हते.

आता पुन्हा आमच्या वसाहतीकडे येतो. भाऊंची सही अडली म्हणून आमचे काम थांबले, आणि त्या थांबण्याचा लाभ झाला. सल्लागार म्हणून नेमलेल्या वास्तुविशारद बाईंनी समितीला विचारले, ‘तुम्ही किती घरांत जाऊन बसला आहात?’ सह्या घेताना आम्ही सगळ्या उंबऱ्यांवर उभे राहिलो होतो, बसलो कोठेच नव्हतो. मग एक साधी वही केली. प्रत्येक घरासाठी दोन पाने. घरात कोण कोण राहते, कोणाला जिना चढवत नाही, कोणाला कोणते औषधोपचार चालू आहेत, मुलांची शाळा कोणती, मध्यंतरी किती अंतरावर राहता येईल, जुन्या घरातील कोणती गोष्ट नव्या घरात हवीच आहे आणि कोणती नकोच आहे. दुपारी दोन ते चार या वेळात, म्हणजे पुरुष दुकानात असताना, दोन भगिनी घरोघर जाऊन बसल्या. सहा आठवडे लागले. त्या वहीत जे आले, ते आमच्या चार महिन्यांच्या सभांत एकदाही आले नव्हते.

काकींच्या प्रश्नाचा उलगडाही त्याच वहीत झाला. आमच्याकडे साध्वीजी गोचरीसाठी येतात. त्या लिफ्टचा उपयोग करीत नाहीत, आणि दिवाही लावून घेत नाहीत. इमारत चार मजल्यांची होती तोवर तो विचार कोणाला करावा लागला नाही. बारा मजली इमारतीत जिना आतल्या बाजूला, खिडकीवाचून, दिवसाही अंधारा असणार होता. काकींना हेच विचारावयाचे होते आणि आम्ही त्यांना लिफ्टचे सुख सांगत होतो. नकाशात बदल झाला, जिना बाहेरच्या भिंतीला आला, त्याला प्रत्येक मजल्यावर खिडकी मिळाली. वास्तुविशारद बाई म्हणाल्या की, आगीच्या वेळी धूर बाहेर जाण्यास आणि वीज गेली असता वृद्धांना उतरण्यासही तोच जिना अधिक चांगला. काकींचा प्रश्न सबंध इमारतीच्या उपयोगाचा निघाला.

दुसरी गोष्ट फार साधी, पण प्रत्येक वसाहतीने करून पाहावी अशी. चौरस फुटांचे आकडे कागदावर कोणालाच कळत नाहीत. एका रविवारी आम्ही वाहनतळ मोकळा करून घेतला आणि प्रस्तावित सदनिकेचा नकाशा खडूने जमिनीवर प्रत्यक्ष मापाने काढला. भिंती, दारे, ओटा, मोरी, सगळे. मग लोकांनी घरून खाटा, कपाटाच्या मापाच्या दोऱ्या आणि एक शिवणयंत्र आणून त्या रेघांत मांडून पाहिले. बैठकीची खोली सर्वांना आवडली. निजण्याच्या खोलीत खाट ठेवल्यावर कपाटाचे दार उघडत नव्हते. वर्षाचे धान्य, पापड-मसाल्याचे डबे ठेवावयास कोठे जागाच नव्हती. एका अर्ध्या दिवसात सतरा दुरुस्त्या निघाल्या. त्यांतील अकरा विकासकाने विनाखर्च मान्य केल्या. भिंती उभ्या राहिल्यावर त्यांतील एकही झाली नसती.

दुकानांचा प्रश्न मात्र निराळा आणि अधिक कठीण आहे. घर दोन-तीन वर्षांसाठी दोन मैलांवर नेता येते. दुकान नेता येत नाही. गिऱ्हाईक गेले की परत येईलच असे नाही, आणि उधारीचे खाते तर शेजारावरच चालते. भाऊंचे दुकान तीस वर्षांचे. नव्या नकाशात रस्त्याच्या बाजूला उंच जोते, त्यावर शोभेची झाडे आणि वाहनांना आत जाण्याची एकच वाट होती. पोत्यांनी भरलेला टेम्पो उभा राहणार कोठे आणि हमाल पाठीवर माल घेऊन पायऱ्या किती चढणार, हे चित्र काढणाऱ्याच्या मनात आले नव्हते. शेवटी मागील बाजूला माल उतरवण्याची जागा निघाली, जोते दुकानांपुरते खाली आले, आणि बांधकाम दोन टप्प्यांत करून दुकानांना वसाहतीच्याच आवारात तात्पुरते गाळे देण्याचे कलम करारात घातले गेले. भाड्याने बसलेल्या दोन व्यापाऱ्यांना सभेत मत नव्हते. त्यांच्या मालकांनी त्यांना तात्पुरत्या गाळ्यांत सामावून घेण्याचे लेखी दिले. ते दोघे नव्या इमारतीत राहतील की नाही, याचे उत्तर आजही मजजवळ नाही, आणि ही आमच्या कामातील उणीव मी झाकून ठेवू इच्छित नाही.

पैशाच्या बाजूनेही एक सावधगिरी सांगावीशी वाटते. सभांत सारी चर्चा वाढीव क्षेत्रफळ आणि हाती येणारी रक्कम यांवर होते. नव्या इमारतीत राहण्याचा मासिक खर्च किती, हे फार थोडे विचारतात. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, जनित्र आणि पहारेकरी यांचा भार दरमहा येतो. निवृत्त माणसाला घर फुकट मिळाले तरी ते पोसणे जड होऊ शकते. म्हणून विकासकाकडून मिळणाऱ्या निधीतील ठरावीक वाटा संस्थेच्या नावे कायम ठेवीत ठेवावा आणि त्याच्या व्याजातून देखभालीचा काही भार उचलावा, हे आधीच ठरवून घ्यावे. शासनाच्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी विकासकाकडून घेण्याचे आणि काम दोन वर्षांत, अपवादात्मक स्थितीत फार तर तीन वर्षांत, पूर्ण करण्याचे सांगितले आहे. वाटाघाटीत सर्वप्रथम सोडून देण्याचा आग्रह याच हमीबद्दल धरला जातो. पेढीवर तारण न ठेवता उधार न देणाऱ्या आपल्या मंडळींनी येथे मात्र भिडेखातर गप्प बसू नये.

ज्या संस्थांत एकोपा आहे आणि हिशेब ठेवणारी माणसे आहेत, त्यांनी स्वयंपुनर्विकासाचाही विचार जरूर करावा. त्यात संस्था स्वतःच विकासक होते, कंत्राटदार नेमते आणि नफा सभासदांतच राहतो. १३ सप्टेंबर २०१९ रोजी शासनाने त्यासाठी सवलतींचा निर्णय काढला असून मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशा संस्थांसाठी कर्जाची योजनाही चालवली आहे. जोखीम अर्थातच आपली राहते. परंतु व्यापारी कुटुंबांच्या वसाहतीत जोखीम मोजणारी माणसे इतर वसाहतींपेक्षा कमी नसावीत.

आमची अंतिम सभा गेल्या महिन्यात झाली. निबंधक कार्यालयाचे अधिकारी होते, चित्रीकरण झाले, इतिवृत्त प्रत्येक दारी पोचले. भाऊंनी सही केली. करताना ते मला एवढेच म्हणाले, ‘सही मी पहिल्या दिवशीही केली असती. जागा दाखवा म्हणालो होतो.’ त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली. ती चार महिन्यांपूर्वी मागावयास हवी होती.

वाचकांपैकी कोणाच्या वसाहतीत हा विषय नुकताच निघाला असेल, तर त्यांना एकच विनंती आहे. संमतीपत्र छापण्यापूर्वी वही करा आणि प्रत्येक घरात निदान अर्धा तास बसा. जो सही देत नाही त्याच्याकडे पुन्हा जाताना एकट्याने जा आणि त्याला काय दिसते आहे ते विचारा. त्याचे म्हणणे दर वेळी बरोबर असेलच असे नाही. आमच्याकडेही एका कुटुंबाची मागणी अवाजवी होती आणि सभेने ती नाकारली. पण ते सर्वांसमोर, कारणे लिहून नाकारले गेले. त्या कुटुंबाशी आमचे आजही बोलणे-चालणे आहे.

घर सोडण्यापूर्वी करारनाम्यातील कोणती कलमे स्वतः वाचून घ्यावीत, याविषयी पुढील अंकी.